सलाइन की सिलिकॉन? फुटल्यावर काय होतं, ते आधी बघा

स्तनवृद्धीसाठी इम्प्लांट निवडताना सगळी चर्चा स्पर्शाभोवती फिरते. हाताला कोणतं जास्त नैसर्गिक लागतं, हा प्रश्न गैर नाही. पण सलाइन आणि सिलिकॉन यांच्यातला खरा फरक इम्प्लांट धड असताना फारसा जाणवत नाही, तो कळतो इम्प्लांट फुटल्यावर.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मला सिलिकॉन नको, म्हणून सलाइन' असं म्हणणाऱ्यांना बरेचदा ठाऊक नसतं की दोन्हींचं बाहेरचं कवच सिलिकॉनचंच असतं. वेगळं असतं ते आतलं: एकात निर्जंतुक मिठाचं पाणी, दुसऱ्यात घट्टसर जेल.

सलाइनचं कवच रिकामं, गुंडाळी करून आत सरकवतात आणि जागेवर बसलं की झडपेतून पाणी भरतात. त्यामुळे छेद लहान पुरतो आणि दोन्ही बाजूंत मुळात थोडा फरक असेल तर सर्जनला टेबलावरच कमीजास्त करता येतं. जेलचं इम्प्लांट कारखान्यातून भरूनच येतं, म्हणून छेद जरा मोठा लागतो. स्पर्शात मात्र जेल सरस. अंगाने बारीक, स्तनाची स्वतःची ऊती कमी असलेल्या बाईला सलाइनच्या सुरकुत्या त्वचेवरून दिसू शकतात, निदान बोटांना तरी लागतात. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलं तर त्या बऱ्याच झाकल्या जातात. मुळात ऊती भरपूर असेल, तर हा फरक इतका मोठा राहत नाही.

आता फुटण्याबद्दल. सलाइन गळलं की पाणी शरीरात शोषलं जातं. त्याने अपाय होत नाही, पण ती बाजू काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर बसते आणि कपड्यांतूनही कळते. पुन्हा शस्त्रक्रिया आलीच, पण निदानासाठी आरसा पुरतो.

जेलचं तसं नाही. शरीर कोणत्याही इम्प्लांटभोवती व्रणऊतीचं एक आवरण तयार करतं. कवच फाटलं तरी जेल बहुधा त्या आवरणातच अडकून राहतं. आकार तोच, दुखणं नाही, आणि डॉक्टरांच्या तपासणाऱ्या हातालाही कित्येकदा काही लागत नाही. याला 'मूक फाट' म्हणता येईल. म्हणूनच औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचा सल्ला आहे की सिलिकॉन जेल असेल तर काही तक्रार नसतानाही 5 ते 6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर 2 ते 3 वर्षांनी तपासणी करत राहावी. हा खर्च आणि हा कंटाळा शस्त्रक्रियेआधीच हिशेबात धरायला हवा. सल्लामसलतीत तो हमखास मागे पडतो. मॅमोग्राफी या तपासणीची जागा घेत नाही. ती कर्करोगासाठी असते आणि वयानुसार वेगळी करावीच लागते. करताना इम्प्लांट आहे हे आधी सांगावं.

सिलिकॉनबद्दलची भीती आली कुठून, तेही बघू. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट 1962 साली ह्यूस्टनमध्ये बसवलं गेलं. 1992 मध्ये एफडीएने केवळ सौंदर्यासाठी जेल वापरण्यावर बंदी आणली आणि 2006 मध्ये पुन्हा परवानगी दिली. वयाची अट मात्र वेगवेगळी ठेवली: स्तनवृद्धीसाठी सलाइन 18 वर्षांपासून, जेल 22 पासून. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीचं 2010 मध्ये उघडकीला आलेलं प्रकरण निराळं. तिथे इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलं होतं. तो दोष जेलच्या प्रकाराचा नव्हे, लबाडीचा. पण त्यामुळेच इम्प्लांटचं नाव आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मागून घ्यावं आणि जपून ठेवावं.

काही गोष्टींत निवड कशीही करा, सुटका नाही. भोवतालचं आवरण आकसून स्तन कडक होणं दोन्हींत घडतं. दोन्हींपैकी कोणतंही जन्मभर टिकेल असं धरता येत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, हा तर तिसराच प्रश्न. एएलसीएल नावाच्या लसिकापेशींच्या दुर्मीळ कर्करोगाचा संबंध मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाशी आढळला आहे, आत पाणी असो वा जेल. 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीची बायोसेल ही खरबरीत इम्प्लांट त्यामुळेच परत मागवली गेली. बऱ्याच वर्षांनी एखादी बाजू अचानक सुजली, तर ती लगेच दाखवावी.

माझं मत विचाराल तर ऊती कमी असेल आणि ठरल्या वेळी तपासणीला जायची खरोखर तयारी असेल, तर जेल. आत गुपचूप काही फाटलं तर नसेल ना, या विचाराने झोप उडणार असेल, तर सलाइन. अडचण होते ती बारीक अंगाच्या आणि तपासण्या नको असलेल्या बाईची. तिने सलाइन घ्यावं, स्नायूखाली बसवावं आणि मुख्य म्हणजे आकार कमी ठेवावा. इम्प्लांट जितकं मोठं, तितकी वरची ऊती ताणून पातळ होते आणि सुरकुत्या उघड्या पडतात. तिच्या बाबतीत पाणी की जेल यापेक्षा सीसीचा, म्हणजे इम्प्लांटच्या आकारमानाचा आकडा जास्त महत्त्वाचा ठरतो.