उपग्रहांच्या आधीचा समुद्रबर्फ: कळतो, आणि तपासताही येतो

‘समुद्रातल्या बर्फाची मोजणी 1979 पासूनची, त्याआधीचं कुणालाच काही माहीत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. उपग्रहांची सलग नोंद 1978 च्या अखेरीस सुरू झाली, एवढं त्यात खरं आहे. शंका रास्तच आहे. समुद्रबर्फ वितळला की पुरावाही गेला, असंच कुणालाही वाटेल.

पण पुरावा किनाऱ्यावर साठतो. अंटार्क्टिकात समुद्रबर्फाच्या कडेला सूक्ष्म शैवाल वाढतं. त्यातून निघालेल्या गंधकयुक्त वायूपासून हवेत एक आम्ल बनतं, मिथेनसल्फोनिक आम्ल. ते हिमाबरोबर जमिनीवरच्या बर्फात पडतं आणि वर्षाच्या थरात अडकतं. उभं भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यात हे थर मोजता येतात. 1815 च्या तांबोरा उद्रेकासारख्या ज्वालामुखींच्या खुणांवरून तारखाही पडताळता येतात.

यातली कळीची पायरी पुढची. उपग्रहाच्या वर्षांतलं आम्ल आणि त्याच वर्षांतला बर्फ जुळतो का, हे आधी पाहायचं. जुळलं तरच मागे जायचं. पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोम या बर्फाच्या घुमटातून काढलेल्या दांड्यात ते जुळलं: बर्फ जास्त, तेव्हा आम्लही जास्त. 1841 पासूनच्या त्या नोंदीनुसार तिथल्या समुद्रबर्फाचा विस्तार 1950 च्या सुमारापासून 1995 पर्यंत सुमारे 20 टक्क्यांनी घटला.

हे आकडे त्या भागापुरतेच. वारा फिरला की आम्लाचं प्रमाण बदलतं, काही ठिकाणी नातं उलटंही निघतं. म्हणून असा दावा वाचताना दांडा कुठला आणि तो कशाशी पडताळला, हे आधी पाहावं.