‘लीबेस्ट्राउम’ आधी गाणं होतं

एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट, त्याची ती ‘लीबेस्ट्राउम’, म्हणजे प्रेमाचं स्वप्न, पियानोची आवड असलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. लग्नात वाजते, रिंगटोनला असते, आणि नाव असं गोड असल्यामुळे सगळे ती गोड प्रेमाची धून म्हणूनच ऐकतात. मीही कित्येक वर्षं तशीच ऐकली. पण हे आधी गाणं होतं आणि त्या गाण्याचे शब्द कळले की धून आधीसारखी ऐकू येतच नाही.

ही धून ‘नॉक्टर्न’ म्हणून छापली गेली. नॉक्टर्न म्हणजे रात्रीची, शांत चालीची पियानोरचना. हा प्रकार रुळवला तो डब्लिनमध्ये जन्मलेल्या जॉन फील्डने, तो रशियात राहायचा आणि त्याची पहिली नॉक्टर्न 1812 च्या सुमारास छापली गेली. डावा हात तुटक सूर पसरत नेतो, पायाखालच्या पेडलमुळे ते घुमत राहून एकमेकांत मिसळतात आणि वर उजवा हात गायकासारखा गातो. पुढे संगीतकार शोपँने हाच प्रकार कुठल्या कुठे नेला. म्हणजे नॉक्टर्न मुळातच गळ्याची नक्कल करणारं, पण त्याला शब्द नव्हते.

लिस्टचं वेगळं. दुसऱ्यांची गाणी पियानोवर आणायचा त्याला नादच होता, संगीतकार शूबर्टची तर पन्नासच्या वर गाणी त्याने अशी बसवली, आणि त्या काळी रेकॉर्ड नव्हती, रेडिओ नव्हता, त्यामुळे गाणं घरोघरी पोचायचं ते असंच, कुणीतरी पियानोवर वाजवून. 1847 मध्ये त्याने गावोगावचे कार्यक्रम थांबवले, पुढच्या वर्षी जर्मनीतल्या वायमारला स्थायिक झाला आणि 1850 मध्ये स्वतःचीच तीन गाणी ‘तीन नॉटुर्नो’ (म्हणजे नॉक्टर्नच) म्हणून पियानोसाठी छापली, त्याच या ‘लीबेस्ट्राउम’. मूळ गाणीही त्याच वर्षी बाजारात आली. ओळखीचं गाणं कुणी पेटीवर वाजवलं की आपण मनात शब्द म्हणतोच ना, तसंच ज्यांच्याकडे गाणं आणि पियानोची रचना दोन्ही होती त्यांचं होत असणार.

पहिल्या दोन गाण्यांची कविता जर्मन कवी उलांटची. दुसरं तर फक्त चार ओळींचं: प्रेमाच्या सुखाने मेलो होतो, तिच्या मिठीत पुरलो गेलो, तिच्या चुंबनांनी जागा झालो, तिच्या डोळ्यांत स्वर्ग पाहिला. बास, एवढंच.

आणि तिसरं, जे सगळ्यांना माहीत आहे, त्याची कविता फ्राइलिग्राट या जर्मन कवीची. अर्थ साधारण असा: प्रेम कर, जमतंय तोवर प्रेम कर, अशी वेळ येणारे की तू थडग्यापाशी उभा राहून रडशील. आणि मग, जीभ सांभाळ, वाईट शब्द पटकन निघून जातो, देवा, माझ्या मनात तसं नव्हतं, पण समोरचा दुखावून निघून गेलेला असतो. पुढे कवितेत वाईट बोललेला माणूस थडग्याशी बसून माफी मागतो आणि पलीकडून उत्तर येत नाही. हा भाग लिस्टने गाण्यात घेतलाच नाही, तो ‘निघून गेला’पाशी थांबतो आणि परत ‘प्रेम कर’वर येतो. मला हे फार मोठं वाटतं, कारण त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटत राहतं.

सुरुवातीलाच नीट ऐका, सूर बराच वेळ एकाच जागी, ‘सी’ या स्वरावर रेंगाळतो, खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, तेवढे बदलत जातात. गाण्यात इथे ‘प्रेम कर, प्रेम कर’ असे शब्द आहेत, म्हणजे कुणीतरी एकच गोष्ट परत परत सांगतंय, दरवेळी थोड्या वेगळ्या काळजीने. आणि हा सूर सुरुवातीला वरच्या पट्टीत नाहीच, तो पियानोच्या मधोमध, माणसाच्या आवाजाच्या उंचीवर आहे. दोन्ही हात तो वाटून घेतात, बरंचसं अंगठ्यांवर येतं, आणि भोवतीने बाकीची बोटं झुळझुळत असतात. शिकणाऱ्याची खरी कसोटी तिथेच, झुळझुळ वर आली की आवाज बुडाला.

मधल्या भागात सगळं चढत जातं, दोनदा सूर सुटे होऊन धावतात, तेवढंच लोक व्हिडिओत बघतात. पण दुसऱ्या धावेनंतर चाल परत येते ती अगदी हळू. वाजवणाऱ्याला शब्द माहीत आहेत की नाही ते मला तरी तिथे कळतं.