छातीतली धडधड आणि चहा-कॉफीवरचा जुना आरोप

छातीत धडधड होते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला मुंबईतले फॅमिली डॉक्टर नाडी पाहता पाहता विचारतात, "चहा किती वेळा होतो?" घरच्या मंडळींनी तर त्याआधीच चहाला दोषी ठरवलेले असते. हा संशय जुना आहे आणि तो अगदी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. मात्र तो कसा रुजला, तो पडताळून पाहण्याची साधने कधी हाती आली आणि प्रत्यक्ष मोजल्यावर काय दिसले, हे क्रमाने पाहिले तर धडधडीची अधिक गंभीर कारणे पुष्कळदा चहाच्या कपाबाहेर सापडतात.

महाराष्ट्रात चहावरून झालेला पहिला गाजलेला वाद प्रकृतीचा नव्हता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. तेव्हा चहात काय आहे यापेक्षा तो कोणाच्या घरचा आहे, हे महत्त्वाचे होते. पुढच्या काही दशकांत चहा सर्वसामान्यांच्या घरात आला तो आपोआप आला नाही. १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखाने, खाणी आणि कापडगिरण्यांच्या आवारात चहाचे ठेले उभे राहिले, कामाच्या मध्ये चहाची सुट्टी द्यावी असा आग्रह मालकांकडे धरला गेला आणि रेल्वे स्थानकांवरही चहा मिळू लागला. मुंबईत याच काळात इराण्यांची हॉटेले कोपऱ्याकोपऱ्यावर उघडत होती. धोबी तलावचे कयानी १९०४ पासूनचे आहे. रात्रपाळी करणाऱ्या गिरणी कामगाराला झोप आणि भूक दोन्ही आवरणारे हे स्वस्त पेय लवकरच अपरिहार्य झाले. त्यात १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आले. त्यातून निघणारी बारीक दाणेदार पत्ती कमी वजनात अधिक कडक चहा देते, आणि दुधात उकळलेला आपला टपरीवरचा चहा याच पत्तीचा असतो.

विरोधही होताच. महात्मा गांधींनी आरोग्यविषयक लेखनात चहातील टॅनिनवर आक्षेप घेतला होता आणि व्यसनाच्या यादीत चहाला स्थान देणारी वडीलधारी मंडळी तर घरोघरी होती. नैतिक आक्षेप आणि वैद्यकीय आक्षेप एकमेकांत मिसळले ते इथेच, आणि ती सरमिसळ अजून पुरती सुटलेली नाही. चहा सोडणे हा आपल्याकडे संयमाचा पुरावा मानला जातो, म्हणून 'चहा बंद करा' हा सल्ला ऐकणाऱ्याला तपासून न पाहताही पटतो.

वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर १८१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले, पण त्याचा हृदयाच्या ठोक्यांशी काय संबंध आहे हे ठरवायला ठोके नोंदवता यायला हवे होते, आणि ईसीजी, म्हणजे हृदयातील विजेच्या संकेतांची नोंद घेणारे साधन, यायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे लागली. दरम्यान १८७१ मध्ये अमेरिकी डॉक्टर डा कॉस्टा यांनी यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेल्या पूर्वकारणांत ताप, अतिसार आणि कष्टाची लष्करी सेवा ही ठळक होती. अतिसारात शरीरातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निघून जाते आणि त्यामुळे ठोके बिघडू शकतात, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी ते माहीत नसतानाही निरीक्षण मात्र नेमके झाले होते.

या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम, माझ्या मते, जेम्स मॅकेन्झी या जनरल प्रॅक्टिशनरचे आहे. ते लँकेशायरमधील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात दोन दशकांहून अधिक काळ प्रॅक्टिस करत होते. आपल्या परळ-लालबागसारख्याच त्या वस्तीतल्या रुग्णांच्या नाडीचे आलेख त्यांनी साध्या उपकरणावर काढले, मध्येच येणारे जादा ठोके ओळखले आणि तीच माणसे वर्षानुवर्षे डोळ्यांखाली ठेवली. असे ठोके पडणारी बरीच माणसे पुढे सुखरूप जगली, हा निष्कर्ष त्यामुळे काढता आला. १९०३ च्या सुमारास आइन्टहोव्हेन यांनी लायडन येथे ईसीजीचे यंत्र सिद्ध केले आणि १९६१ मध्ये नॉर्मन होल्टर यांनी अंगावर वागवता येणाऱ्या नोंदयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आज 'होल्टर लावला' असे आपण म्हणतो ते त्यांच्याच नावाने. दिवसभराची नोंद हाती येऊ लागल्यावर निरोगी माणसांतही जादा ठोके पडतात हे स्पष्ट झाले. जादा ठोके दिसले की ते औषधाने दाबावेत ही समजूत मात्र १९८९ पर्यंत टिकली. त्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत असे दिसले की फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे जादा ठोके कमी करत होती, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. ठोका चुकल्याची जाणीव, ईसीजीवरची नोंद आणि प्रत्यक्ष धोका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चाचणीने वैद्यकाला शिकवले.

कॅफीनवरचा खटला तर अक्षरशः न्यायालयात चालला. १९११ मध्ये अमेरिकेतील चॅटनूगा येथे सरकारने कोका-कोलातील कॅफीन हा आरोग्याला अपायकारक असा वरून घातलेला घटक आहे असा दावा केला. कंपनीच्या वतीने मानसशास्त्रज्ञ हॉलिंगवर्थ यांनी कोणाला कॅफीन आणि कोणाला निव्वळ साखर दिली आहे हे घेणाऱ्याला कळू न देता प्रयोग केले. प्रकरण १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे कंपनीने कॅफीनचे प्रमाण कमी केले. म्हणजे अपाय सिद्ध होण्याआधी तडजोड झाली. शंभर वर्षांनंतरही लोकांच्या मनात तोच निकाल कायम आहे.

कॅफीन शरीरात काय करते हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. ॲडेनोसिन हे द्रव्य मेंदूला थकवा जाणवून देते आणि हृदयाचा वेग आवरते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, शिवाय ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये थोडी वाढवते. त्यामुळे क्वचित चहा-कॉफी घेणाऱ्याला एकाच कडक कपाने धडधड जाणवू शकते, तर रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते. अर्धे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, पण हा काळ माणसागणिक फार बदलतो: धूम्रपान करणाऱ्यांत तो घटतो, गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत तो लांबतो. "मला चालतो, तुला का नाही?" हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

मोजमापाची खरी उत्तरे गेल्या दहा वर्षांत आली. २०१६ मध्ये ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री येथे हृदय अशक्त झालेल्या ५१ रुग्णांना काही तासांत ५०० मिलिग्रॅम कॅफीन देऊन पाहिले असता ठोक्यांतील गडबड वाढली नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने १०० निरोगी प्रौढांच्या छातीवर नोंद घेणारी पट्टी लावली आणि दोन आठवडे त्यांना रोज संदेश पाठवून आज कॉफी घ्या किंवा आज घेऊ नका असे सांगितले. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके सरासरी ५८ आणि बिनकॉफीच्या दिवशी ५३, म्हणजे लक्षणीय फरक नाही; खालच्या कप्प्यांतून येणारे ठोके मात्र १०२ वरून १५४ वर गेले. त्या दिवशी माणसे सुमारे हजार पावले अधिक चालली आणि झोप सुमारे ३६ मिनिटांनी घटली. २०२५ मध्ये त्याच गटाच्या पुढाकाराने एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराच्या, २०० रुग्णांवर आणखी एक चाचणी झाली. विजेच्या झटक्याने ठोके नियमित केल्यानंतर सहा महिन्यांत कॉफी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांत आणि कॅफीन पूर्ण सोडलेल्यांपैकी ६४ टक्क्यांत आजार परतला. कॉफी औषध आहे असा याचा अर्थ होत नाही, पण सरसकट बंदीला आधार उरत नाही, एवढे निश्चित. झोपेचा आकडा मात्र मुंबईकराने मनावर घ्यावा. रात्री उशिरा लोकलने घरी पोहोचून पहाटे पुन्हा गाडी गाठणाऱ्याला अर्धा तास झोप गमावणे परवडत नाही, आणि अपुरी झोप हेच धडधडीचे एक कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. १५० मिलिलिटर चहात त्यांच्या मते ३० ते ६५ आणि फिल्टर कॉफीसारख्या ताज्या काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. माटुंग्याची कॉफी आणि कटिंग चहा यांची बरोबरी करता येत नाही ती यामुळे.

पूरक पदार्थांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे: चहाकडे संशयाने पाहणारा माणूस डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलेली पावडर निर्धास्तपणे घेतो. वनस्पतीत औषधाची ताकद असते हे मुंबईने जगाला दाखवले आहे. केईएममधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि त्याच वनस्पतीतून १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी वेगळे केलेले अजमलिन पुढे ठोक्यांच्या विकारांवर वापरले गेले. जिच्यात हृदयावर परिणाम करण्याची ताकद आहे ती वनस्पती अपायही करू शकते, हा त्यातलाच दुसरा भाग आपण विसरतो. वजन घटवण्यासाठी विकला जाणारा इफेड्रा अमेरिकेने २००४ मध्ये बंद केला. नाडी आणि रक्तदाब वाढवणाऱ्या सिब्युट्रामिनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली, पण वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' उत्पादनांत ते लपवून घातलेले त्यानंतरही परदेशी तपासण्यांत आढळत राहिले. जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या अनेक प्री-वर्कआउट पावडरींच्या एका मापात २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीन असते, आणि ते मिनिटभरात पोटात जाते. एनर्जी ड्रिंकबाबत आपल्याकडे लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम अशी कॅफीनची मर्यादा आहे आणि मुले, गर्भवती यांनी ते टाळावे असा इशारा डब्यावर असतो. २०१७ मधील १८ जणांवरच्या एका लहान अमेरिकी प्रयोगात एनर्जी ड्रिंक आणि तेवढेच, म्हणजे ३२० मिलिग्रॅम, कॅफीन असलेले साधे पेय यांची तुलना झाली. दोन तासांनी ईसीजीतील क्यूटी कालावधी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणाऱ्या वेळेचे माप; तो फार लांबला तर ठोके बिघडू शकतात) एनर्जी ड्रिंक घेतल्यावर सुमारे १० मिलिसेकंदांनी अधिक होता, म्हणजे परिणाम एकट्या कॅफीनचा नव्हता.

माशाच्या तेलाची कथा अधिक बोलकी आहे. १९७० च्या दशकात ग्रीनलंडच्या रहिवाशांवरील अभ्यासाने त्याची ख्याती झाली आणि १९९९ मधील इटालियन चाचणीत आकस्मिक मृत्यू घटल्याचे दिसले. त्यानंतर ठोके स्थिर ठेवणारी गोळी म्हणून ती खपू लागली. २०१८ मध्ये मात्र दिवसाला ४ ग्रॅम शुद्ध ओमेगा-३ देणाऱ्या मोठ्या चाचणीत एट्रियल फिब्रिलेशन किंवा त्याच्याच जातकुळीतल्या फ्लटरसाठी रुग्णालयात जाणाऱ्यांचे प्रमाण २.१ ऐवजी ३.१ टक्के निघाले. बांगडा-सुरमई ताटात असणे आणि कॅप्सूलमधून मोठी मात्रा रोज घेणे यांत फरक करायला हवा. घरगुती वाटणाऱ्या ज्येष्ठमधाबद्दलही तेच: खोकल्यापुरता तुकडा चघळण्याने बिघडत नाही, पण दिवसेंदिवस मोठ्या प्रमाणात घेतल्यास ते पोटॅशियम घटवून रक्तदाब वाढवते आणि ठोके बिघडवू शकते, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर.

आहाराच्या बाजूने सर्वांत दुर्लक्षित कारण रक्तक्षय हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. रक्तातून ऑक्सिजन कमी वाहून नेला जात असेल तर हृदयाला वेग वाढवावाच लागतो, आणि स्टेशनचा पूल चढताना छाती धडधडते ती त्यामुळे. अशा बाईला 'चहा सोड' म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे, कारण तिला आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातील लोहाच्या साठ्याची) तपासणी हवी असते. चहाचा दोष इथे आहे, पण तो कॅफीनचा नाही. जेवणासोबतच्या चहाने लोहाचे शोषण घटते हे १९७५ पासून नोंदलेले आहे, म्हणूनच जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पोळी-भाजीच्या डब्यावर लगेच चहा, आणि उपवासाच्या दिवशी पोटात चहाखेरीज काही नाही, ही आपल्याकडची रीत बदलायला हवी.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, अथवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर चहा-गॅसची चर्चा न करता थेट रुग्णालयात जावे. "गॅस छातीत चढला" म्हणून सोडा पिऊन थांबणे मुंबईत आजही जिवावर बेतते.

तपासणीला जाताना सर्व गोळ्या-पावडरींची पाकिटे सोबत न्यावीत, आणि त्यात केसांसाठीच्या गोळ्याही याव्यात. त्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असेल तर काही पद्धतींनी केलेल्या थायरॉइडच्या चाचण्यांत नसलेला हायपरथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी जास्त काम करणे) दिसू शकतो. त्याहून गंभीर म्हणजे हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. केसांची गोळी ही औषधात मोडत नाही असे समजून रुग्ण तिचा उल्लेख करत नाहीत. डॉक्टरांनी ती नावाने विचारावी आणि नियोजित तपासणीपूर्वी किती दिवस थांबवायची हे सांगावे.