दाखल्यासाठी थांबू नका: बाळासाठी डीईआयसी, यूडीआयडी आणि निरामय
जिल्हा रुग्णालयात दिव्यांग बोर्डाच्या दिवशी अर्ज भरायला मदत करताना एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, वाईट वाटतं. मूल दीड वर्षाचं, मान अजून नीट धरत नाही, आणि आई सांगते, "दाखला हातात पडला की फिजिओथेरपी सुरू करायची आहे." असं कोणी सांगितलं विचारलं, तर उत्तर येतं "तिथल्याच कोणीतरी".

तर पहिली गोष्ट. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, तपासणी आणि थेरपीसाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. ही केंद्रं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली येतात. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. उत्पन्नाची अट नाही, सेवा मोफत. बाळ वयाप्रमाणे बसत नाही, आवाजाला वळत नाही, नजर लावत नाही, एवढी शंका पुरते. अंगणवाडीत या कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट पाहायची गरज नाही. केसपेपर काढा, माता-बाल संरक्षण कार्ड आणि प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा आणि थेट जा. "आधी सर्टिफिकेट आणा" असं खिडकीवर कोणी म्हणालं, तर तिथून हलू नका, आतल्या डॉक्टरांना भेटा.

कमी दिवसांच्या बाळांचं मात्र घड्याळ वेगळं आहे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चौथ्या आठवड्यापर्यंत व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. डिस्चार्ज कार्डावर "१ महिन्याने डोळे तपासणी" लिहिलेलं असतं आणि लोक तो महिना घरी आल्या दिवसापासून मोजतात. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून आलेलं असतं, म्हणजे मुदत संपायला आठवडाच उरलेला असतो. कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारात उशीर झाला तर गेलेली नजर परत आणता येत नाही. ऐकण्याचंही तसंच: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात" हे सासूबाईंचं म्हणणं असू दे, चाचणी करून घ्या.

आता दाखला आणि त्यासोबतचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, पालकाने करायचा. फोटो, पत्त्याचा पुरावा आणि बाळाचा आधार क्रमांक, निदान आधार नोंदणीचा क्रमांक. गाडी अडते ती इथे.

जन्मदाखला नीट उघडून बघा. "बालकाचे नाव" या ओळीपुढे काय आहे? माझ्यासमोर आलेल्या कितीतरी दाखल्यांवर तिथे नुसती रेघ असते. कारण साधं आहे. बाळ आजारी, बारसं लांबलं, नाव ठेवलंच नाही, आणि जन्माची नोंद तर २१ दिवसांत करायची असते. नाव नसलेला दाखला घेऊन आधार केंद्रावर गेलं की परत पाठवतात, आधार नाही म्हणून पोर्टल पुढे जात नाही. जन्म जिथे नोंदवला त्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं, नंतर विलंब शुल्क लागतं. बारसं थाटात नंतर करा, नाव आधी लिहून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांचे चालतात.

दुसरी अडचण माहेर-सासरची. बाळंतपण माहेरी, उपचार माहेरच्या जिल्ह्यात, रेशनकार्ड सासरचं. नियमाप्रमाणे राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही. "तुमच्या जिल्ह्यात जा" म्हणून लेकुरवाळीला दीडशे किलोमीटर पाठवणाऱ्यांना हा नियम माहीत नसतो की सांगायचा नसतो, देव जाणे.

बौद्धिक वाढीबाबत एक वर्ष पूर्ण होईपर्यंत दाखला मिळत नाही, त्यामुळे आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन बोर्डापुढे बसू नका. एक ते पाच वर्षांत "सर्वांगीण विकास मंदावलेला" असं निदान लिहून तात्पुरता दाखला देतात. पाचव्या वर्षी फेरतपासणी, नंतर दहा आणि अठराला. दाखल्यावरची मुदत संपल्याचं पालकांना शाळेच्या खिडकीवर कळतं, म्हणून ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

२०२४ च्या बदललेल्या नियमांनुसार निर्णयाची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. सोय कोणाची झाली ते तुम्हीच ठरवा. दोन वर्षं अर्ज तसाच पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो, त्यामुळे बोर्डाची तारीख चुकली तर गप्प बसू नका. नाकारलं तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड पांढरं आलं म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि त्यापुढे. बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात.

दाखला आल्यावर लगेच निरामय हा सरकारी आरोग्य विमा बघा. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांनाच तो आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत येतो. नोंदणीचे दारिद्र्यरेषेखाली २५० रुपये, इतरांना ५००. फक्त विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तुम्ही नोंदणी कधीही केलेली असो. फेब्रुवारीत विम्याचं कार्ड काढून मे महिन्यात थेरपीची बिलं घेऊन आलेल्या एका बापाला हे सांगायची वेळ माझ्यावर आली होती. नूतनीकरणाचे ५० रुपये भरायचे राहिले होते.