क्रोनोग्राफ आणि काडतुसातील दाब

नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणाऱ्या उपकरणाला क्रोनोग्राफ म्हणतात. जिथे नेमबाज काडतुसात बंदुकीची दारू आणि गोळी स्वतः भरतात, तिथे या वेगावरून चेंबरमधील, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतील, दाबाचा अंदाज बांधला जातो. दाब प्रत्यक्ष मोजायला दाबमापक बसवलेली चाचणी-नळी लागते. ती सहसा कारखान्यात किंवा प्रयोगशाळेतच असते.

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली टांगलेल्या लोलकावर गोळी झाडून वेग काढण्याची रीत मांडली. आता दोन प्रकाशसंवेदकांमधून गोळी जायला लागणारा वेळ मोजतात किंवा डॉप्लर रडार वापरतात.

गोळी नळीभर ढकलली जाते, तेव्हा प्रत्येक बिंदूवरचा दाब तिच्या वेगात भर घालतो. वेग ही त्या सगळ्याची बेरीज. धोका मात्र शिखरदाबाचा, म्हणजे क्षणभर येणाऱ्या सर्वाधिक दाबाचा असतो आणि तो गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकते तोवर येऊन जातो. म्हणूनच दोन वेगळ्या दारूंनी सारखाच वेग दिला तरी त्यांचे शिखरदाब सारखे असतीलच असे नाही. जलद जळणारी दारू कमी वेगातही नळीवर जास्त ताण देऊ शकते. वेग कमी आला म्हणजे दाब सुरक्षित, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

उलट बाजूचा इशारा मात्र खरा मानावा. तीच दारू, तीच गोळी आणि तेवढ्याच लांबीची नळी असताना भरणीच्या पुस्तकातील कमाल वेग गाठला, तर दारूचे वजन कमाल मर्यादेपेक्षा कमी असले तरी तिथेच थांबावे. जास्तीचा वेग जास्तीच्या दाबाखेरीज येत नाही. आखूड नळीने लांब नळीइतका वेग दिला तर संशय अधिकच घ्यावा, कारण नळी इंचभर कमी झाली की वेग साधारण सेकंदाला ६ ते ९ मीटरने घटतो. चपटा झालेला प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील छोटी टोपी), केसच्या म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या बुडावरचा चकाकता ठसा, जड उठणारा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) ही जुनी लक्षणे बहुधा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची दाबमर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. ती पार झाल्यावरही केस निर्दोष दिसू शकते.

बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर. तिथल्या विरळ हवेत गोळी पुढे कमी मंदावते, पण नळीच्या तोंडाशी वेग जवळपास तोच राहतो. एप्रिलच्या उन्हाचे तसे नाही. तापलेल्या काडतुसात दारू जोरात जळते, त्यामुळे डिसेंबरच्या थंड सकाळी बेताची ठरलेली भरणी चैत्रात मर्यादेबाहेर जाऊ शकते. वेगाच्या नोंदीशेजारी तापमान लिहायलाच हवे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने रायफल इथल्या अनेक घरांच्या परिचयाची आहे. पण लष्कराला काडतुसे कारखान्यातून तयार मिळतात, ती भरण्याचा प्रश्न जवानापुढे येत नाही. खानापूरकडच्या जंगलालगत रानडुकरांपासून पीक राखणारी ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक जुन्या काळ्या दारूवर चालते. तिला रायफलचे आकडे लागू नाहीत, आणि तिच्यात काडतुसातली बिनधुराची दारू घातल्यास नळी फुटून जीव जाऊ शकतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही.