धातू कापण्यासाठी सर्क्युलर सॉ घेताना

मशीन निवडताना बहुतेकांची नजर आधी मोटरच्या वॅटवर जाते. आमच्या मते आधी बघावा तो आरपीएम, म्हणजे पाते मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा.

लाकूड कापायची 185 मिमी पात्याची सॉ मोकळी फिरताना साधारण 5000 ते 5800 फेरे घेते. 5500 धरले तर दाते सेकंदाला 53 मीटर वेगाने धावतात. या वेगाने पोलादाला भिडलेला कार्बाइडचा (खूप कडक पण ठिसूळ पदार्थाचा) दाता तापतो, बोथट होतो, नाहीतर त्याचा टवका उडतो. धातूसाठी बनवलेली त्याच मापाची हातातली सॉ 3500 ते 3900 फेऱ्यांवर चालते आणि 355 मिमीची ड्राय-कट मशीन (कार्बाइड दात्यांच्या पात्याने, पाणी न सोडता धातू कापणारी) 1300 ते 1500 वर. म्हणून ‘लाकडाच्या मशीनला धातू कापायचे पाते लावले तर?’ याला आमचे उत्तर नाही असेच आहे. शिवाय लाकडाच्या मशीनमध्ये धातूचा गरम कीस अडवायची सोय नसते. तो मोटरमध्ये शिरला की मशीन गेलेच.

याहून धोक्याची चूक म्हणजे घासून कापणाऱ्या चकतीच्या चॉप सॉवर कार्बाइडचे पाते चढवणे. चकती आणि पाते दोन्ही 355 मिमीचे, भोकही बरेचदा 25.4 मिमीचेच, त्यामुळे पाते बसते. पण चॉप सॉ 3800 च्या आसपास फिरते आणि दाते सेकंदाला 70 मीटरवर जातात. तुटलेला दाता गोळीसारखा सुटतो. पात्यावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते पाते त्या मशीनचे नाही.

ड्राय-कटमध्ये काप सरळ येतो, बर (कापलेल्या कडेला उरणारी खरखरीत कोर) कमी राहते, वेल्डिंगआधी फारसे ग्राइंडिंग लागत नाही. मात्र स्प्रिंग, बेअरिंगची रिंग असे कडक केलेले पोलाद कापायचे असेल तर चकतीच बरी. कार्बाइड तिथे टिकत नाही. उलट ॲल्युमिनियम चकतीवर घेऊ नका. ते चकतीत भरते आणि चकती कापायची थांबते.

दात्यांची संख्या जाडीवरून ठरवा. 355 मिमी पात्यात 3 मिमीपेक्षा जाड अँगल, पट्टी आणि भरीव गजाला 60 ते 66 दाते. दीड-दोन मिमीच्या पाइपला 80 ते 90. पातळ पाइपमध्ये विरळ दाते अडकतात आणि तिथेच तुटतात. स्टेनलेसला त्याच्यासाठीचे वेगळे पाते घ्या.

अँगल उलट्या ‘व्ही’सारखा, कोपरा वर ठेवून शिकंज्यात धरा. आडवा ठेवला तर पाते आधी पातळ उभ्या बाजूत आणि मग एकदम पूर्ण रुंदीच्या पट्टीत शिरते, मोटर दबते. लांब तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार द्या, पण कापून पडणारा तुकडा मोकळा असू द्या. तो दोन्हीकडून अडकला तर पात्याला चिमटा बसतो.

पाते पूर्ण वेगात आल्यावरच हळूच टेकवा. दाते बरेचदा पहिल्या स्पर्शालाच तुटतात. नव्या पात्याचे पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्या. अर्धवट खाचेत मशीन पुन्हा सुरू करू नका. जॉब (कापायचा तुकडा) फिरवून नवी सुरुवात करा. ठिणग्या वाढल्या, कीस निळसर पडू लागला, बर जाड झाली, की पाते धारेला द्या. जोर लावून काम रेटले तर उरलेले दातेही जातात.

मोटर दमते असे वाटले तर आधी वायर तपासा. 2000 वॅटच्या पुढच्या मशीनला बारीक, लांब एक्स्टेंशन लावले की व्होल्टेज पडते. तांब्याची 2.5 चौ. मिमी तार आणि शक्य तेवढी कमी लांबी ठेवा.

कीस तापलेला आणि धारदार असतो. बंद गॉगल, त्यावर फेस शील्ड आणि कानाला मफ वापरा. सैल बाह्या नकोत. पाते बदलण्याआधी प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही.