गटचर्चेत जास्त बोलेल तोच निवडला जातो?

फोंड्या-म्हापशाच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे हेच सांगितलं जातं: नोकरीसाठीच्या गटचर्चेत पहिलं तोंड तुम्ही उघडा, शेवटपर्यंत बोलत राहा. हे खरं नाही. यात कमी बोलणाऱ्या हुशार मुलांचं फार नुकसान होतं.

असेसमेंट सेंटरमध्ये, म्हणजे उमेदवारांकडून वेगवेगळी कामं करून घेऊन त्यांना पारखणाऱ्या निवडप्रक्रियेत, निरीक्षक शब्द मोजत नाहीत. त्यांच्यापुढे ठरलेल्या गुणांचा तक्ता असतो: ऐकणं, मुद्दा पटवणं, निर्णय घेणं. ‘तुझा खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, पण दहाच मिनिटं उरलीत, आधी जागा ठरवूया,’ एवढ्या एका वाक्याचीही नोंद होते. कोणाचं बोलणं मध्येच तोडलं, तर त्याचीही. आणि गटचर्चा हा एकच भाग. सादरीकरण, लेखी काम, मुलाखत हे सगळं एकत्र पाहून निकाल ठरतो. म्हणून एक फेरी बिघडली तरी पुढची मन लावून करा.

पद्धत जुनीच आहे. ब्रिटिश सैन्याने १९४२ मध्ये अधिकारी निवडायला ती सुरू केली; आपल्या सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीचं मूळही तिथलंच.

सराव करायचा तर चार मित्र जमवा, वेर्ण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बससारखा साधा प्रश्न घ्या, घड्याळ लावा आणि पाचव्याला फक्त नोंदी घ्यायला बसवा.